पाहुण्याला विचारून

दिवाळी हा दिव्यांचा सण खराच, पण तो तितकाच जाण्यायेण्याचाही सण आहे. पाडव्याला जावई सासुरवाडीस येतो, भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या गावची गाडी पकडतो, आणि फराळाचे डबे रिकामे होण्यापूर्वीच शहरातली कितीतरी बिऱ्हाडे कोकणात, गोव्यात, नाहीतर महाबळेश्वरच्या थंडीत जाऊन पोहोचतात. घर सोडून दोन दिवस परगावी राहिलेले माणूस तिथे पैसा खर्च करते. तो पैसा किती आणि तो कोणत्या गावात पडला, हे मोजण्याची एक नवी रीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगात रूढ होत आली आहे. प्रवाशाला काही विचारायचे नाही. त्याने बँकेच्या कार्डाने जे पैसे चुकते केले त्यांच्या नोंदी एकत्र करायच्या आणि त्यांतून पर्यटनाच्या खर्चाचा आकडा काढायचा. या रीतीविषयी आज थोडे लिहावे असे मनात आहे.

विषय हिशेबाचा आहे आणि मी काही हिशेबनीस नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही. मुलांना शिकवण्यात आणि कादंबऱ्या लिहिण्यात चाळिशी उलटून गेली. तरीही या हिशेबाच्या पोटात एक नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार करायला पदवी लागत नाही. घरी आलेल्या पाहुण्याविषयी काही जाणून घ्यायचे असेल तर ते त्यालाच विचारावे, की त्याच्या नकळत त्याची पिशवी पाहावी? प्रश्न एवढाच आहे. उत्तर मात्र वाटते तितके सोपे नाही.

मुळात पाहुण्याचा खर्च मोजायचाच कशाला, असे कोणी विचारील. तर त्याला कारण आहे. एखाद्या लहान गावात सुट्टीच्या दिवसांत गावच्या वस्तीहून अधिक माणसे उतरतात. त्यांना पाणी लागते, रस्ता लागतो, शौचालये लागतात. त्यांचा कचरा कोणीतरी उचलावा लागतो. हा भार गावाने सोसायचा, तर त्या बदल्यात गावाच्या पदरात काय पडते हे कळायला हवे. सरकारला निधीची वाटणी करायची असते, बँकेला कर्ज द्यायचे असते, हॉटेल काढणाऱ्याला जागा निवडायची असते. हे सगळे अंदाजपंचे चालवण्यापेक्षा मोजून चालवलेले बरे, याबद्दल दुमत नसावे.

पाहुणा म्हणजे कोण, याचीही एक व्याख्या आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००८ साली पर्यटनाच्या आकडेवारीसाठी ज्या शिफारशी केल्या त्यांनुसार, आपल्या नेहमीच्या वावराबाहेर एक वर्षाहून कमी काळासाठी गेलेला, आणि तिथल्या कोणाची नोकरी करण्यासाठी न गेलेला माणूस तो पाहुणा. व्याख्या मोठी ऐसपैस आहे. समुद्रात पाय बुडवायला गेलेला तिच्यात बसतो, पंढरीला गेलेला बसतो, बहिणीकडे भाऊबीजेला गेलेला बसतो; आणि मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात कोणाला दाखवायला आणलेले, बाहेर एखाद्या धर्मशाळेत महिनाभर राहिलेले कुटुंबही बसते. ही शेवटची माणसे वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्यांच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

येणाऱ्या-जाणाऱ्याची मोजदाद ही काही आजची गोष्ट नाही. यात्रेकरूवर कर बसवायचा तर यात्रेकरू मोजावा लागे. असा यात्राकर अकबराने १५६३ साली उठवला, म्हणजे त्याआधी तो वसूल होत होता. पण मोजदादीचा एक दुसरा, प्रेमळ नमुनाही आपल्याकडे आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थोपाध्याय तुमचे आडनाव आणि मूळ गाव विचारतात, आणि जुन्या लांबट वह्यांतून तुमच्या पणजोबांचे नाव काढून दाखवतात. ते केव्हा आले, बरोबर कोण होते, घरात कोण कोण होते, हे त्या नामावळीत लिहिलेले असते, आणि खाली पुष्कळदा त्यांची स्वतःची सही असते, मोडीत किंवा बाळबोधीत. ती नोंद पाहुण्याला विचारून झालेली आहे. ती कशासाठी आहे हे त्याला ठाऊक होते, आणि त्याच्या वंशजाला ती उघडून पाहता येते. हिशेबाच्या दृष्टीने ती वही अपुरीच म्हणायची. खर्चाचा आकडा तिच्यात नाही. पण माणसाशी वागण्याची तिची रीत मला नेहमीच चांगली वाटत आली आहे.

परदेशी प्रवाशाचा खर्च मोजण्याचा पुढच्या काळातला मार्ग म्हणजे नोटांची अदलाबदल. जर्मन माणूस इटलीत आला की त्याला आपले मार्क देऊन लिरा घ्यावे लागत. बँकेच्या खिडकीवर झालेल्या या अदलाबदलीवरून प्रवाशांच्या खर्चाचा अदमास बांधता येई. १ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा आल्या आणि त्या खिडकीवर जर्मन माणसाचे कामच उरले नाही. खिसा तोच, नोट तीच. सीमा ओलांडली तरी कोणाला पत्ता लागू नये. इटलीच्या मध्यवर्ती बँकेने ही वेळ यायच्या आधीच, म्हणजे १९९६ पासून, सीमेवर आणि विमानतळांवर माणसे उभी करून प्रवाशांना थेट विचारायला सुरुवात केली होती. कुठे गेलात, किती रात्री राहिलात, कशासाठी आलात, किती खर्च झाला? आपल्याकडेही राष्ट्रीय नमुना पाहणीच्या माणसांनी जुलै २०१४ ते जून २०१५ या वर्षात देशभर घरोघरी जाऊन देशांतल्या देशांत होणाऱ्या प्रवासाच्या खर्चाची चौकशी केली. तीत असे दिसले की, मुक्कामाच्या प्रवासांतले बहुतेक प्रवास सामाजिक कारणांचे, म्हणजे नातलगांकडे आणि घरच्या कार्यांना जाण्याचे असतात. आपला सर्वांत मोठा प्रवासी हा असा सोयऱ्याधायऱ्यांकडे जाणारा माणूस आहे, ही गोष्ट विचारल्यावाचून कळली नसती.

विचारण्याच्या या रीतीत दोष पुष्कळ आहेत. माणसे विसरतात. कोणी मोठेपणा म्हणून जास्त सांगतो, तर कोणी बायको शेजारी उभी आहे म्हणून कमी सांगतो. परत निघालेल्या, पोराला कडेवर घेतलेल्या बाईला विमानतळावर अडवून ‘जेवणावर किती आणि गाडीभाड्यावर किती’ असे विचारले तर ती तरी काय नेमके सांगणार! शिवाय ही रीत खर्चिक आहे आणि सावकाशीची आहे. उत्तरे गोळा होऊन छापून यायला महिने लागतात.

कार्डाचे तसे नाही. दुकानदाराच्या मशीनला कार्ड लागले की त्याच क्षणी रक्कम, वेळ आणि दुकान यांची नोंद होते. प्रत्येक दुकानाला धंद्याच्या जातीप्रमाणे एक चार आकडी खूण दिलेली असते: लॉज आणि हॉटेलला ७०११, खाणावळीला ५८१२, रुग्णालयाला ८०६२, देवस्थान किंवा धर्मसंस्था असेल तर ८६६१. कार्डाच्या क्रमांकातल्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून ते कोणत्या बँकेने, कोणत्या देशात दिले हेही कळते. मग काम सोपे होते. कार्ड परदेशी असले तर माणूस परदेशी. कार्ड पुण्याचे आणि दुकान सावंतवाडीचे असले तर माणूस पाहुणा. अशा लाखो नोंदींची बेरीज यंत्र चुटकीसरशी करते, आणि गेल्या महिन्यात कोणत्या भागात, कुठून आलेल्या माणसांनी, कशावर किती पैसे खर्च केले याचा तक्ता तयार होतो. त्यात विसरभोळेपणा नाही, फुशारकी नाही, लाजही नाही.

या रीतीने भलेही झाले आहे, ते नाकारणे अन्यायाचे होईल. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे न्यूझीलंडने आपल्या सीमा बंद केल्या. त्या देशात परत निघालेल्या प्रवाशांना विमानतळावर विचारून पर्यटनाचा खर्च मोजण्याची पद्धत होती; आता विमानतळावर विचारायला माणूसच उरला नाही. पण कोणत्या भागाचा धंदा बुडाला आणि कोणता भाग देशातल्याच पाहुण्यांवर तग धरून आहे, हे तर तातडीने कळायला हवे होते. तिथल्या सरकारी खात्याने कार्डाच्या नोंदींवरून ते दर महिन्याला प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, २०१४ च्या सप्टेंबरात, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्यावर ओडिल नावाचे चक्रीवादळ आदळले. तो सारा मुलूख प्रवाशांवर जगणारा. तिथले व्यवहार वादळानंतर किती दिवसांत पूर्वपदावर आले, याचा अभ्यास संयुक्त राष्ट्रांच्या एका शाखेने एका बँकेच्या मदतीने केला, तो कार्डांच्या आणि एटीएमच्या नोंदींवरूनच. घरे पडलेल्या माणसांच्या दारात प्रश्नपत्रिका घेऊन उभे राहण्यापेक्षा हे बरे, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटते.

अडचण सुरू होते ती या आकड्याला आपण सारे सत्य मानू लागलो की.

माझी एक मावशी मालवणच्या बाजूला राहते. मुलगा मुंबईला लागल्यावर तिने मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. सकाळी घावन-चटणी, दुपारी माशांचे जेवण आणि सोलकढी, अंगणात खाटा. तिच्याकडे कार्डाचे मशीन नाही. भिंतीवर यूपीआयची पाटी लावलेली आहे, नाहीतर रोख. यूपीआय आपल्याकडे २०१६ साली आले, आणि त्यात पैसा बहुधा खात्यातून खात्यात जातो, कार्ड सहसा मध्ये येत नाही. आता पुण्याचे एक कुटुंब चार दिवस तिच्याकडे राहून गेले असे धरा. गाडीत पेट्रोल भरले ते पुण्यातच, कार्डाने. पण ते त्यांचे राहते गाव, म्हणून ते पाहुण्याच्या खर्चात येत नाही. मावशीला पैसे दिले ते यूपीआयने. सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीतून गेले त्याचे रोख. शहाळी रोख, मासे रोख. परतताना सावंतवाडीला थांबून मोठ्या दुकानातून लाकडी खेळणी, काजू आणि कोकम घेतले, तेवढे कार्डाने. नुसत्या कार्डाचा तक्ता काढला तर तो काय सांगेल? पुण्याचे एक कुटुंब सावंतवाडीला आले आणि त्यांनी खेळणी विकत घेतली. मावशीच्या अंगणातले चार दिवस, ती पहाटे उठून वाटत असलेले खोबरे, तो होडीवाला, हे कुठेच नाही.

या तक्त्यात खोटे एक अक्षरही नाही, म्हणूनच तो फसवा ठरू शकतो. उद्या याच आकड्यांवर निधीची वाटणी झाली, तर मशीन असलेल्या बाजारपेठेला धक्का मिळेल आणि होडीवाल्याचा धक्का तसाच राहील. मग होडीवाल्याची कोणाबद्दल तक्रार करायची? कोणी त्याच्याशी दुष्टपणा केलेला नाही. तो फक्त दिसला नाही. आणि हिशेबात न दिसणारी माणसे बहुधा तीच असतात, जी इतरत्रही कोणाच्या नजरेस पडत नाहीत: घरगुती खाणावळ चालवणारी बाई, डोक्यावर पाटी घेऊन फिरणारा, भाड्याच्या रिक्षावाला. बहिणीकडे आलेल्या भावाचे तर विचारूच नका. तो व्याख्येने पाहुणा आहे, पण त्याच्यासाठी चक्का आणला बहिणीने, तिच्याच गावातल्या दुकानातून. यंत्राच्या लेखी बहीण आपल्या घरी श्रीखंड खात होती, आणि भाऊ आलाच नव्हता.

न्यूझीलंडच्या त्या खात्याचे मला कौतुक वाटते ते या ठिकाणी. कार्डाच्या आकड्यांत रोख रक्कम नाही, आधीच भरून ठेवलेले विमानाचे वा हॉटेलचे पैसे नाहीत, तेव्हा हा पर्यटनाचा एकूण खर्च समजू नये, असे त्यांनी आकड्यांसोबतच लिहून ठेवले. आणि एकूण खर्चाचा अंदाज करायचा तेव्हा कार्डाच्या नोंदी प्रवाशांना विचारून काढलेल्या आकड्यांशी जुळवून घेण्याची पद्धत त्यांनी वापरली. याचा अर्थ साधा आहे. न विचारता मिळालेल्या माहितीलाही उभे राहायला शेवटी विचारून मिळवलेल्या माहितीचा आधार लागतो. एका गावात कार्डाने दिलेल्या शंभर रुपयांमागे रोखीचे किती, हे कार्डाला कोणत्याच जन्मी कळणार नाही. ते मावशीलाच विचारावे लागेल.

जी माणसे दिसत नाहीत त्यांचे हे झाले. जी दिसतात त्यांचे काय?

कार्ड देणाऱ्याने पैसे दिले ते जेवणाचे किंवा खोलीचे. आपल्या प्रवासाची हकिगत त्याने कोणाला दिलेली नव्हती. यावर जाणकारांचे उत्तर असे की, नावे काढून टाकलेली असतात. राहतात ते नुसते आकडे. हे उत्तर पुरेसे आहे काय, याची परीक्षा २०१५ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. इव्ह-अलेक्झांडर द माँज्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा लाख माणसांच्या तीन महिन्यांच्या कार्डाच्या नोंदी घेतल्या, नावे काढून टाकलेल्या. त्यांना असे आढळले की, एखादा माणूस कोणत्या दिवशी कोणत्या दुकानात होता अशा केवळ चार गोष्टी बाहेरून माहीत असल्या, तर शंभरातली नव्वद माणसे त्या गर्दीतून नेमकी वेगळी काढता येतात. पुरुषांपेक्षा बायका अधिक सहज ओळखू येतात, असेही त्यांना दिसले.

कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही. मंगळवारी सकाळी स्टेशनबाहेरचे फुलांचे दुकान, दुपारी एक रुग्णालय, संध्याकाळी स्वस्तातली खाणावळ, रात्री औषधांचे दुकान: एवढे सांगितले की नाव न देताही माणूस उभा राहतो, आणि त्याच्या पोटातली कालवाकालवसुद्धा ध्यानात येते. परळच्या त्या कुटुंबाचे मी मघाशी म्हटले ते यासाठीच. व्याख्येप्रमाणे ते पाहुणे आहेत आणि त्यांनी लॉजवर, जेवणावर, औषधावर केलेला खर्च हा पाहुण्यांचाच खर्च आहे. नुसत्या कार्डाच्या बेरजेत गोव्याच्या किनाऱ्यावरची मेजवानी आणि त्या बापाने रुग्णालयासमोर घेतलेला चहा-पाव एकाच रकान्यात जातात. या महिन्यात मुंबईत पाहुण्यांचा खर्च वाढला, असे वर्तमानपत्रात छापून येईल आणि वाचणाऱ्याला ती शुभवार्ता वाटेल. रुग्णालयाच्या खुणेचे पैसे वेगळे काढता येतील. पण शेजारच्या लॉजचे कसे काढणार? तो माणूस कशासाठी आला, हे त्याला विचारल्याखेरीज कळण्याजोगे नाही. म्हणून तर विचारणीच्या कागदावर ‘कशासाठी आलात’ हा रकाना पहिल्यापासून आहे.

विचारणे म्हणजे काय, याचा थोडा अनुभव मला आहे. शाळेतल्या शिक्षकांना जनगणनेचे काम करावे लागते हे वाचकांना ठाऊकच आहे. २०११ च्या फेब्रुवारीत मीही काखेत कागदांचे भेंडोळे घेऊन उन्हातून घरोघरी फिरत होते. एका घरी एक म्हातारी एकटीच होती. घरात माणसे किती, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘तीन.’ दोन मुले कित्येक वर्षे आखाती देशांत होती. मी म्हटले, ‘आजी, इथे राहणारी सांगायची.’ ती म्हणाली, ‘ती राहतात इथेच, बाई. कामाला तिकडे आहेत.’ नियमाप्रमाणे मी एकच लिहिले, आणि तसे तिला सांगितले. तेव्हा ती म्हणाली, ‘आणि हे सगळं लिहून तुम्ही काय करणार?’ मी तिला समजावले: किती माणसे कुठे राहतात ते सरकारला कळावे म्हणून, नावानिशी माहिती कोणाला देता येत नाही, १९४८ च्या कायद्यात तशी बंदी आहे. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘मग लिहा.’ नंतर चहा झाला.

त्या आजीच्या ‘काय करणार?’ या प्रश्नाचे मोल मला त्या दिवशी जाणवले आणि पुढेही जाणवत राहिले. ज्याला आपण प्रश्न विचारतो त्याला उलट प्रश्न विचारायची संधी मिळते. तो नाही म्हणू शकतो. तो आपली व्याख्या खोडून काढू शकतो, ‘राहतात इथेच’ असे ठणकावून सांगू शकतो. आणि आपल्याला नियमाप्रमाणे एकच लिहावे लागले तरी आपल्या मनात तीन राहतात. विचारण्यात विचारणारा थोडा लहान होतो, दारात उभा राहतो, चपला काढतो. नुसत्या खुणांवरून माणूस वाचणाऱ्याला असे कधी लहान व्हावे लागत नाही. त्याला दार ओलांडायचेच नसते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लाखो माणसांच्या प्रत्येक व्यवहाराला वेगळी परवानगी मागत बसलो तर हे शास्त्र चालायचेच नाही. शिवाय नुसत्या बेरजेने कोणाचे काय बिघडते? महाबळेश्वरला दिवाळीत अमुक कोटी खर्च झाले, हे छापल्याने तुमच्या-माझ्या अब्रूला कुठे धक्का लागतो? आपल्या देशाने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा जो कायदा केला, त्यातही संशोधन आणि आकडेवारी यांच्यासाठी सवलत ठेवली आहे. हे सगळे मला मान्य आहे. बेरीज ही वाईट गोष्ट नव्हे. पण बेरीज खरोखर बेरीज असावी. ज्या गावात एकच लॉज आहे त्या गावच्या ‘लॉजवरील एकूण खर्च’ याचा अर्थ त्या लॉजवाल्याचे उत्पन्न असा होतो. ते छापणे म्हणजे त्याची वही चव्हाट्यावर मांडणे. म्हणून चांगले आकडेतज्ज्ञ असे रकाने कोरे ठेवतात. आणि बेरीज करायची तर ती बँकेच्या घरातच करून बाहेर द्यावी; एकेका माणसाची सुटी नोंद, नाव पुसून का होईना, बाजारात हिंडू नये. एवढी पथ्ये पाळली आणि आपण हे करतो असे लोकांना उघडपणे सांगितले, तर माझी या रीतीला हरकत नाही.

हरकत आहे ती, आता विचारायची गरजच काय, या वृत्तीला. ती वृत्ती हळूहळू येते. विचारणाऱ्या माणसांचे पगार द्यावे लागतात, यंत्राला ते लागत नाहीत. मग एखाद्या वर्षी काटकसर म्हणून विचारणी बंद होते, पुढच्या वर्षी तिची आठवण निघत नाही, आणि काही वर्षांनी कार्डाला जे दिसते तेच जग असे मानणारी पिढी कचेऱ्यांत बसते. मावशी त्यांच्या लेखी नसते. परळच्या धर्मशाळेतले कुटुंब असते, पण ‘पर्यटक’ म्हणून असते. ज्यांना विचारायला हवे होते ते दोन्हीकडून हरतात: एकाला कोणी पाहत नाही, आणि दुसऱ्याला भलत्याच रूपात पाहतात.

आपल्याकडे पाहुण्याला ‘कधी आलात’ असे विचारतात, ‘कधी जाणार’ असे विचारत नाहीत. विचारण्यातही मर्यादा असते, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागले नाही. खर्चाविषयी परक्याला विचारणे हेही तसे अवघडच काम. ते हसतमुखाने, अदबीने, कशासाठी ते सांगून करावे लागते. पण अवघड वाटते म्हणून दारामागून डोकावणे हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

तेव्हा वाचकांना एक सुचवावेसे वाटते. या सुट्टीत तुम्ही कुठेतरी जाल. एखाद्या विमानतळावर किंवा किल्ल्याच्या धक्क्यावर हातात कागद नाहीतर फोन घेतलेली एखादी मुलगी तुम्हाला थांबवील आणि विचारील: कुठून आलात, किती दिवस राहिलात, किती खर्च झाला? मुले कंटाळलेली असतील, गाडी उभी असेल. तरी तिला पाच मिनिटे द्या. होडीवाल्याला किती दिले ते आठवून सांगा, मावशीकडच्या जेवणाचे सांगा, कोणाच्या आजारासाठी आला असाल तर तेही सांगा. आणि शेवटी तिला विचारा, हे लिहून तुम्ही काय करणार? तिला नीट उत्तर देता आले, तर मोजदाद योग्य हातांत आहे असे समजायला हरकत नाही.